प्रश्नांना उत्तरे देणारा नकाशा

लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला एक छोटा नकाशा छापलेला असतो. मधोमध ‘मंगल कार्यालय’ असा ठळक चौकोन, एका बाजूला एस.टी. स्टँड, दुसऱ्या बाजूला मारुतीचे देऊळ, वाटेत पेट्रोल पंप आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘नकाशा प्रमाणात नाही’ अशी कबुली. प्रेसवाल्याने तो काढलेला असतो, नाहीतर घरातल्याच एखाद्या चित्रकला बरी असलेल्या भाच्याने. देऊळ ते कार्यालय हे अंतर पत्रिकेवर अर्धा इंच दिसते आणि प्रत्यक्षात भर उन्हात दोन किलोमीटर तंगडतोड करावी लागते. तरी पाहुणे अक्षता पडायच्या आत पोचतात. कारण या नकाशाला एकच प्रश्न विचारायचा असतो, ‘कार्यालय कुठे?’ आणि तेवढ्याचे उत्तर तो बरोबर देतो.

पण समजा, वधूपित्याला आणखी काही प्रश्न पडले. कार्यालयापासून दहा मिनिटांच्या अंतरात किती लॉज आहेत आणि त्यांत किती खोल्या? वऱ्हाडातल्या कोणाची रात्री तब्येत बिघडली तर रात्री उघडा असणारा सर्वांत जवळचा दवाखाना कोणता? पाऊस झाला आणि नाल्याला पूर आला तर कोणता रस्ता बंद पडेल? इथे पत्रिकेवरचा नकाशा गप्प बसेल. अशा प्रश्नांना उत्तरे देणारा जो नकाशा आहे, त्यालाच भौगोलिक माहिती प्रणाली असे भारदस्त नाव आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला ‘जी.आय.एस.’ म्हणतात. नाव कधी ऐकले नसले, तरी या प्रणालीचा आपल्याशी रोज संबंध येतो. मोबाइलवर रस्ता शोधताना येतो, हवामानाचा इशारा वाचताना येतो आणि गावाकडच्या घराची मोजणी होते तेव्हा तर फारच जवळून येतो.

रांगोळी आणि कशिदा

ही प्रणाली समजायला संगणकाचे शिक्षण लागत नाही. दारातली ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांसमोर आणली तरी पुरे. आधी ठिपके, मग ठिपके जोडणाऱ्या रेषा, मग रेषांनी बंद झालेल्या जागेत भरलेला रंग. संगणकाचा नकाशाही याच तीन गोष्टींचा बनतो. विहीर, शाळा, विजेचा खांब हे ठिपके. रस्ता, ओढा, पाण्याची पाइपलाइन या रेषा. शेत, तलाव, वॉर्ड, जिल्हा ही रंग भरलेली बंद जागा. प्रत्येक ठिपक्याला अक्षांश-रेखांशांची जोडी असते, म्हणजे पृथ्वीच्या पाठीवरची त्याची जागा ठरलेली असते. ‘प्रमाणात नाही’ म्हणायची सोय इथे नाही.

नकाशाची दुसरी जात मॅटीच्या कापडावरच्या कशिद्यासारखी असते. तिथे रेषा ओढायचीच नसते. एकेका चौकटीत एकेका रंगाचा टाका घालत जायचे आणि लांबून पाहिले की मोर दिसतो. उपग्रहाने घेतलेले चित्र असेच असते. जमिनीच्या एकेका चौकोनाला एकेक आकडा, एवढेच. चौकोन मोठा असेल तर मोर ओबडधोबड दिसणार. १७ मार्च १९८८ रोजी सोडलेल्या ‘आय.आर.एस. १-ए’ या भारतीय दूरसंवेदन उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा चौकोन साधारण ७२ मीटरचा होता, दुसऱ्याचा ३६ मीटरचा. म्हणजे एका टाक्यात अख्खे खळे, गोठा आणि घर गडप. डिसेंबर १९९५ मधल्या ‘आय.आर.एस. १-सी’चा चौकोन सहा मीटरांच्याही आत आला. नोव्हेंबर २०१९ मध्ये गेलेल्या ‘कार्टोसॅट-३’ला तर अंगणात उभी असलेली मोटार वेगळी दिसते.

मात्र एवढ्याने नुसते चित्र झाले. खरी गंमत चित्राच्या पाठीमागे आहे. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याकडे दोन कागद असतात. एक सातबाराचा उतारा, ज्यात नाव, क्षेत्र, पीक, कर्जाचा बोजा असे सगळे लिहिलेले. आणि दुसरा गावचा नकाशा, ज्यात नुसत्या हद्दी. मध्य प्रदेशात राहणारे मराठी वाचक यालाच खसरा आणि नक्शा म्हणतील, कर्नाटकातले पहाणी म्हणतील. हे दोन कागद पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळ्या कचेऱ्यांत, वेगवेगळ्या बासनांत राहिले. दोघांना जोडणारा धागा एकच, तो म्हणजे गट नंबर किंवा सर्व्हे नंबर. हाच धागा पकडून उतारा नकाशाला कायमचा शिवून टाकायचा, हे जी.आय.एस.चे मुख्य काम. मग शेतावर बोट ठेवले की उतारा उघडतो. उलट ‘ज्या शेतांत विहीर नाही आणि जी ओढ्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत आहेत ती दाखव,’ असे विचारले तर तेवढीच शेते रंगून येतात. हा शेवटचा प्रश्न नीट पाहावा. ‘विहीर नाही’ हे उताऱ्यावरून कळते, ‘ओढ्यापासून अर्धा किलोमीटर’ हे नकाशावरून. एकट्या उताऱ्याला किंवा एकट्या नकाशाला हे उत्तर देता आले नसते.

तिसरी गोष्ट म्हणजे थर. बटर पेपरवर डिझाइन उतरवून घेताना एकावर एक तीन कागद ठेवले तर खालचेही दिसतात, तसे. एका थरावर माती, दुसऱ्यावर चढ-उतार, तिसऱ्यावर पाऊस, चौथ्यावर वस्ती. सगळे एकमेकांवर बरोबर बसले की जे एकट्या थरात दिसत नव्हते ते दिसू लागते.

ब्रॉड स्ट्रीटचा पंप

संगणकाचे नावही नव्हते तेव्हा एका डॉक्टराने हेच केले होते. ही गोष्ट लंडनची आहे, १८५४ सालची. जी.आय.एस.चे शिक्षण घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ती पहिल्या धड्यात ऐकायला मिळते; पण बहुतेक वेळा अर्धवट.

ऑगस्टच्या शेवटच्या रात्री सोहो या दाट वस्तीत पटकीची साथ फुटली. पहिल्या तीन दिवसांत ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास सव्वाशेहून जास्त माणसे गेली. साथ संपेपर्यंत हा आकडा सहाशेच्या वर गेला. पटकी दूषित हवेतून, घाणीच्या वासातून पसरते, अशी त्या वेळच्या बहुतेक जाणत्यांची समजूत होती. डॉ. जॉन स्नो यांना ती पटत नव्हती. हे तसे भूल देण्यातले तज्ज्ञ. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म देणारे तेच. त्यांचा संशय पाण्यावर होता.

स्नो घरोघर फिरले. कोण गेले, कुठे राहत होते, पाणी कुठून भरत होते, हे त्यांनी विचारले. पुढे जो नकाशा छापला गेला, त्यात प्रत्येक मृत्यूसाठी त्या घरापुढे एक काळी आडवी रेघ आहे. ज्या घरात चार गेले तिथे चार रेघा एकावर एक. पाण्याचे सार्वजनिक पंपही नकाशावर आहेत. काळ्या रेघांची गर्दी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती झाली होती. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी दोन थर एकमेकांवर ठेवले, मृत्यूंचा आणि पंपांचा. नकाशाच्या सुधारलेल्या प्रतीत त्यांनी आणखी एक रेषा काढली. या रेषेच्या आत राहणाऱ्याला ब्रॉड स्ट्रीटचा पंप चालत जायला सर्वांत जवळचा, बाहेरच्याला दुसरा. अंतर पक्ष्याच्या उड्डाणाचे नव्हे, गल्लीबोळांतून चालणाऱ्या माणसाचे मोजले होते. ज्या बाईला हातात बादली घेऊन जायचे आहे, तिला सरळ रेषेचा काय उपयोग?

पण नकाशाइतक्याच बोलक्या होत्या त्या नकाशात न बसणाऱ्या जागा. पंपाजवळच्या एका अनाथ-निराधारांच्या आश्रमात पाचशेहून जास्त माणसे होती, तरी मृत्यू अगदी थोडे. चौकशी केली तेव्हा कळले की, आश्रमाची स्वतःची विहीर आहे. शेजारच्या बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले. ते पंपाचे पाणी पीतच नव्हते. उलट कित्येक मैलांवरच्या हॅम्पस्टेडला एक वृद्धा पटकीने गेली, जिथे साथ नव्हतीच. ती पूर्वी सोहोत राहायची आणि ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव तिला इतकी आवडे की, रोज गाडीतून तिच्यासाठी ते पाणी जाई. नकाशावर ही बाई एका चुकार ठिपक्यासारखी दिसली असती. दार ठोठावून विचारले म्हणून ती सर्वांत मोठा पुरावा ठरली.

८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. ‘आणि साथ थांबली,’ असे म्हणून गोष्ट बहुधा इथे संपवतात. प्रत्यक्षात साथ तोवर ओसरू लागली होती. वस्तीतले निम्मेअधिक लोक घरे सोडून पळाले होते. मग दांडा काढण्याचा उपयोग काय झाला? याचे उत्तर हेन्री व्हाइटहेड या स्थानिक धर्मगुरूंच्या चौकशीत आहे. त्यांना स्नो यांचे म्हणणे मुळीच मान्य नव्हते. ते खोटे ठरवायला म्हणून ते घरोघर गेले; आणि वस्तीतली कुटुंबे त्यांच्या ओळखीची असल्याने त्यांना लोकांनी जे सांगितले, ते डॉक्टरांना सांगितले नव्हते. त्यांना ४०, ब्रॉड स्ट्रीट या घरात साथीचे मूळ सापडले. तिथल्या तान्ह्या मुलीला आधी जुलाब झाले होते. आई तिची दुपटी धुऊन ते पाणी घरापुढच्या शोषखड्ड्यात टाकत होती आणि त्या खड्ड्यापासून पंपाची विहीर तीन फुटांवर होती. मुलगी गेली. ज्या दिवशी दांडा निघाला, नेमक्या त्याच दिवशी तिचा बाप आजारी पडला आणि आई पुन्हा त्याच खड्ड्यात पाणी टाकू लागली. दांडा जागेवर असता तर साथ पुन्हा भडकली असती.

पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये आपल्या कलकत्त्यातच नक्की केला. स्नो तोवर हयात नव्हते. १८५८ मध्येच ते वारले.

कॅनडाचे विमान आणि कोकणचा समुद्र

कागदावर दोन थर जुळवणे जमते. दहा जमत नाहीत. १९६० च्या सुमारास रॉजर टॉमलिन्सन या मूळच्या इंग्रज भूगोलतज्ज्ञाला कॅनडातल्या एका हवाई मोजणी कंपनीत असताना हा अनुभव आला. पूर्व आफ्रिकेत वृक्षलागवडीसाठी जागा शोधायची होती. उतार, माती, पाऊस, रस्ते, हत्तींच्या वाटा असे कितीतरी नकाशे हाताने एकमेकांवर ठेवून पाहायचे, तर खर्च इतका येणार की, ते काम सोडून द्यावे लागले. हे संगणकाकडून करून घेता येईल का, हा प्रश्न टॉमलिन्सन यांच्या डोक्यात राहिला. १९६२ मध्ये विमान प्रवासात त्यांच्या शेजारी कॅनडा सरकारचे ली प्रॅट हे अधिकारी बसले होते. त्यांच्यापुढे देशातली सुमारे दहा लाख चौरस मैल जमीन शेती, जंगल, वन्यप्राणी, पर्यटन अशा हिशेबांनी नोंदवायचे काम होते. त्या गप्पांतून जगातली पहिली संगणकीय भौगोलिक माहिती प्रणाली उभी राहिली. नकाशा वाचण्यासाठी त्या काळी मोठा पिंपासारखा यांत्रिक वाचक मुद्दाम बनवून घ्यावा लागला होता. त्यानंतरची यंत्रांची कहाणी सर्वांना माहीत आहे. तेव्हा खोलीत न मावणारे काम आता खिशातल्या फोनवर होते.

आपल्याकडचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे, कारण त्यात दोनच थर पुरतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था मच्छीमारांना मासळी कुठे सापडण्याचा संभव आहे ते कळवते. उपग्रहाला पाण्याखालचा बांगडा दिसत नाही. त्याला समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान कळते आणि पाण्याच्या रंगावरून त्यातल्या हरितद्रव्याचे, म्हणजे सूक्ष्म वनस्पतींचे प्रमाण कळते. थंड आणि उबदार पाणी जिथे भेटते तिथे या वनस्पती वाढतात, त्यांच्यामागे छोटे जीव येतात आणि त्यांच्यामागे मासळी. तापमानाचा थर आणि हरितद्रव्याचा थर एकमेकांवर ठेवला की, बंदरापासून कोणत्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीच्या पाण्यात जावे हे सांगता येते. रत्नागिरी-मालवणपासून गोव्यापर्यंत आणि खाली केरळापर्यंत, मासेमारी बंदीचा काळ आणि खवळलेला समुद्र सोडून, हा सल्ला दिला जातो. मासळीची हमी कोणी देत नाही. पण डिझेल जाळत चाचपडण्याचा वेळ वाचतो.

थर जुळले नाहीत तर

एकच अट आहे, थर एकमेकांवर बरोबर बसले पाहिजेत. ही अट वाटते तितकी सोपी नाही आणि त्याची मुळे थेट विदर्भातल्या हिंगणघाटापर्यंत जातात.

१८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून विल्यम लॅम्बटन यांनी भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. एक बाजू साखळीने मोजायची, मग दुर्बिणीच्या यंत्राने कोन मोजत त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकायचे. थिओडोलाइट नावाचे ते यंत्र अर्ध्या टनाचे होते. तंजावरच्या देवळावर चढवताना ते भिंतीवर आदळून मोडले, तेव्हा लॅम्बटन यांनी ते स्वतःच दुरुस्त केले. वीस वर्षे हे काम करत ते हैदराबादहून नागपूरकडे निघाले होते. जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला त्यांचे निधन झाले. त्यांची कबर तिथेच आहे. त्यांच्या मागून जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काम हाती घेतले आणि या मोजमापांवरून पृथ्वीचा आकार गणिताने बसवला.

हा आकार भारताच्या भूमीला चांगला जुळत होता आणि आपले जुने सरकारी नकाशे त्यावरच तयार झाले. पुढे उपग्रहांचे युग आले. जी.पी.एस. सगळ्या जगासाठी एकच आकार वापरते आणि तो थोडा वेगळा आहे. परिणाम असा की, एकाच विहिरीचे जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश आणि आजच्या फोनवरचे अक्षांश-रेखांश जुळत नाहीत. हिशेब न बदलता दोन्ही एकमेकांवर ठेवले तर शंभर मीटरहूनही जास्त फरक पडू शकतो. विहीर शेजाऱ्याच्या शेतात जाते. कोणीही चुकलेले नसते. दोघांची फूटपट्टी वेगळी असते, इतकेच. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठीच्या नकाशांना जगाची फूटपट्टी लावली. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे आणि मोजणीवरची बरीचशी बंधनेही सैल झाली. त्याआधी साध्या माहितीसाठीही परवानग्यांचे खेटे घालावे लागत. ही बंधने इतका काळ का ठेवली, असा प्रश्न पडतोच.

घराला उतारा नाही

आता ज्याने कुटुंबाच्या जिवाला घोर लागतो, त्या विषयाकडे. आपल्याकडे शेताची मोजणी झाली, घराची नाही, असे का?

मुंबई इलाख्यातली मोजणी साऱ्यासाठी होती. १८२० च्या दशकात पुणे जिल्ह्यात प्रिंगल या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली पहिली मोठी मोजणी झाली. ती कागदावर मोठी शास्त्रशुद्ध होती आणि शेतावर चुकीची. त्यावर बसवलेला सारा इतका अवाजवी झाला की, शेतकरी जमिनी टाकून निघून गेले. मग १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. साखळी तेहेतीस फुटांची. तेहेतीस बाय तेहेतीस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. हा हिशेब आजही घराघरांत तोंडपाठ आहे. प्रत्येक शेताला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीचे दगड बसले.

गावठाणावर मात्र सारा नव्हता. जिथे सारा नाही तिथे मोजायचे कशाला? नकाशावर गावठाण म्हणून एक वेटोळे काढले गेले आणि आतली घरे तशीच राहिली. शंभर-दीडशे वर्षे चार पिढ्या ज्या वाड्यात नांदल्या, त्याचा मालकी हक्काचा कागद बहुसंख्य खेड्यांत कोणाकडेच नाही. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा असतो. पण तो घरपट्टीसाठी, मालकी सिद्ध करायला नव्हे. बँक त्यावर कर्ज देताना कचरते. भावाभावांत वाटणी निघाली की, ‘ही पडवी कोणाची’ याचे उत्तर म्हाताऱ्यांच्या आठवणीत शोधावे लागते. आणि त्या आठवणीही एक सांगते ते दुसरीला पटत नाही.

ही पोकळी भरण्यासाठी २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने ‘स्वामित्व’ योजना सुरू केली. महाराष्ट्रात पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी या पद्धतीचा प्रयोग त्याआधीच झाला होता. योजनेत गावठाणावरून ड्रोन उडवून छायाचित्रे घेतात, ती एकमेकांना जोडून, तिरकेपणा काढून पाचशेस एक प्रमाणाचा नकाशा बनवतात आणि त्यावरून घरमालकाला पत्रक मिळते. महाराष्ट्रात त्याला सनद म्हणतात, उत्तर प्रदेशात घरौनी, मध्य प्रदेशात अधिकार अभिलेख. १८ जानेवारी २०२५ या एका दिवशी देशातल्या पन्नास हजारांवर गावांत मिळून पासष्ट लाखांहून जास्त पत्रके वाटली गेली.

ड्रोनचे कौतुक करावे तितके थोडे. पण या सगळ्या कामातला कळीचा दिवस ड्रोन उडायच्या आधीचा असतो. त्या दिवशी गावात फक्की मारतात. म्हणजे प्रत्येक घराच्या हद्दीवर, घरमालक आणि शेजारी यांच्या समक्ष चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढतात, क्रिकेटच्या मैदानावर ओढतात तशाच. आकाशातून छप्पर दिसते, मालक दिसत नाही. छपराची पागोळी भिंतीच्या दोन हात बाहेर आलेली असते, तेव्हा हद्द भिंतीची धरायची की पागोळीची हेही वरून कळत नाही. आंब्याच्या झाडाखाली काय आहे ते तर मुळीच नाही. परसातला गोठा धाकट्याच्या वाट्याचा आहे, मधली भिंत दोन्ही घरांची सामाईक आहे, बोळ सगळ्यांच्या वहिवाटीचा आहे, हे सगळे कोणीतरी तिथे उभे राहून सांगायचे आणि कोणीतरी ते लिहून घ्यायचे असते. व्हाइटहेड यांनी ब्रॉड स्ट्रीटवर केले ते हेच काम.

इथेच चुकाही होतात. मुंबई-सुरतेला नोकरीला असलेला भाऊ त्या दिवशी हजर नसतो. विधवा सून घरात असते, पण फक्की मारताना तिला कोणी बाहेर बोलावत नाही. लेकीचे नाव घेणे तर कोणाच्या मनातही येत नाही. चुन्याची रेघ ज्याने दाखवली तिथे पडते, ड्रोन ती रेघ इमानेइतबारे टिपतो आणि चूक असेल तर तीही सेंटिमीटरच्या हिशेबात नेमकी होऊन बसते. जुन्या चुकीच्या नकाशावर निदान कोणाचा फारसा विश्वास नव्हता. संगणकातून रंगीत छापून आलेल्या नकाशावर मात्र लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात.

सोय अशी आहे की, हा नकाशा लगेच पक्का होत नाही. आधी कच्चा नकाशा निघतो, तो जागेवर पडताळला जातो, गावकऱ्यांच्या हरकती ऐकल्या जातात आणि मग पत्रक तयार होते. ज्यांचे गावाकडे घर आहे, मग ते स्वतः राहत असोत इंदूरला, बडोद्याला वा बेळगावला, त्यांनी गावात मोजणी कधी आहे याची ग्रामपंचायतीत चौकशी करून ठेवावी आणि त्या दिवशी घरातल्या एकाने तरी हजर राहावे. कच्चा नकाशा आला की आपल्या घराचा क्रमांक, नावाचे अक्षर न्‌ अक्षर, सामाईक भिंत आणि जाण्यायेण्याचा बोळ तपासावा. घरातल्या कोणत्या वारसाचे नाव राहून गेले आहे का, तेही पाहावे. काही चुकले असेल तर हरकत लेखी द्यावी, तिची पोच घ्यावी आणि पोचेची एक झेरॉक्स गावात राहणाऱ्या भावाकडे ठेवावी.